ठाणे स्टेशन नव्याने उभं राहताना: शेवटच्या पायरीपुढची चार पावलं

तलावपाळी (धागाकर्ती) · ६ जुलै, रात्री १०:४०

ठाण्याच्या पश्चिमेला सॅटिसचा (स्टेशन परिसर वाहतूक सुधारणा योजनेचा) डेक २००९ साली सुरू झाला, तेव्हा मी कॉलेजात होते. त्याआधीचं स्टेशनबाहेरचं चित्र आठवणारे इथे बरेच असतील. टीएमटी (ठाणे महापालिकेच्या बस), एसटी, रिक्षा, खाजगी गाड्या, हातगाड्या आणि त्यांच्यातून अंग चोरत वाट काढणारी माणसं, सगळं एकाच रस्त्यावर. डेकने काम साधंच केलं. बस वरच्या मजल्यावर नेल्या, रिक्षा खाली ठेवल्या आणि रेल्वेचा पादचारी पूल बसच्या मजल्याला नेऊन जोडला. पुलावरून चालत गेलं की समोर बस. रस्ता ओलांडायचाच नाही. त्या वेळी हे आपल्याकडे होऊ शकतं यावरच विश्वास बसत नव्हता.

आता पुन्हा मोठी कामं चालू आहेत. पूर्वेला, कोपरीच्या बाजूला, दुसऱ्या डेकचं काम बरीच वर्षं चाललंय. ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये मनोरुग्णालयाच्या जागेवर नवीन स्टेशन व्हायचं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला मंजुरी दिली, २९ किलोमीटर आणि २२ स्टेशनं; त्यातली दोन जमिनीखाली, नवीन ठाणे आणि ठाणे जंक्शन. म्हणजे लोकल, लांबच्या गाड्या, ट्रान्सहार्बर (ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल), टीएमटी, एसटी, रिक्षा आणि उद्या भुयारी मेट्रो, सगळं एका जागी येणार.

प्रत्येक कामाचा नकाशा कुठे ना कुठे असेलच. मला काळजी आहे ती नकाशांच्या मधल्या जागेची. एकाचं काम जिथे संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, त्या रेषेची.

मागच्या पावसाळ्यात आईला घेऊन एका उपनगरी स्टेशनवर उतरले. (कुठलं ते सांगत नाही, मुद्दा तो नाही.) आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. जिना उतरून शेवटच्या पायरीवर आलो आणि आई थांबली. कारण छप्पर बरोबर तिथेच संपत होतं. पुढे पाऊस कोसळत होता, एका हातात काठी, दुसरा हात कठड्यावर, छत्री माझ्या पिशवीत. मी पिशवीत हात घातला तेवढ्या वेळात मागून धक्का आला. कोणी मुद्दाम मारला नव्हता. मागच्यांना आम्ही का थांबलो ते दिसत नव्हतं, त्यांच्या मागच्यांना तर काहीच दिसत नव्हतं. आई गुडघ्यावर बसली. एका मुलीने आणि केळीवाल्याने तिला उचलून बाजूला घेतलं म्हणून निभावलं.

घरी आल्यावर मला एल्फिन्स्टन रोड स्टेशनवरची चेंगराचेंगरी आठवली. २९ सप्टेंबर २०१७. अचानक आलेली पावसाची सर, अरुंद जिना, बाहेर पडायच्या तोंडाशी आडोशाला थांबलेली माणसं आणि मागून येणाऱ्या लोकल. २३ जीव गेले.

पाऊस आला की माणूस छपराच्या कडेला थांबतो. ही शिस्तीची गोष्ट नाही, अंगाची सवय आहे. मग छप्पर शेवटच्या पायरीवर का संपवायचं? पायरीपुढे चार पावलं तरी छताखालची सपाट जागा हवी, जिथे बाजूला होऊन छत्री उघडता येईल. तेवढी जागा कोणाच्याच नकाशात का नसते, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

तुम्ही रोज ये-जा करता. तुमच्या वाटेवर नेमकं कुठे अडतं ते लिहा. "सगळंच वाईट आहे" असं नको, जागा सांगा.

---

कोपरीकर · ७ जुलै, सकाळी ६:५५

ताई, आईंना आता बरं आहे ना? काळजी घ्या.

मी पूर्वेला राहतो, जन्मापासून. पूर्वेच्या माणसाच्या वाटेचं सांगतो. नऊ-दहा नंबर फलाट आमच्याकडे. तिथून २००४ पासून वाशीच्या गाड्या सुटतात. ट्रान्सहार्बरने आलेल्या माणसाला घोडबंदर, वर्तकनगर किंवा लोकमान्यनगरला जायचं असेल तर तो सगळं स्टेशन आडवं ओलांडून पश्चिमेला जातो. म्हणजे दोन वेगळ्या गर्दी एकाच पुलावर: फलाटावर उतरलेले बाहेर पडतात, आणि ज्यांचा फलाटांशी संबंध नाही ते फक्त पूर्व-पश्चिम करतात. पश्चिमेला डेक आल्यावर ही दुसरी गर्दी वाढली, कारण बस तिकडे. आम्हा कोपरीकरांना बाजारात जायचं तरी तोच पूल.

दुसरं. ठाणे स्टेशनला अंगणच नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून इथे आली. तेव्हापासून गाव स्टेशनला चिकटून वाढलं. दुकानं, चाळी, बाजार, एसटी स्टँड, सगळं दारात. म्हणून तर बस वर न्याव्या लागल्या, खाली जागाच नव्हती. पूर्वेला तर रस्ता त्याहून चिंचोळा. तेव्हा चार पावलं जागा मागताना ती कोणाच्या अंगातून काढायची, तेही सांगावं लागेल.

---

तलावपाळी · ७ जुलै, सकाळी ९:२०

आई ठीक आहे काका, आता काठीशिवाय चालते. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. मी कायम "फलाट ते बस" एवढाच विचार करत आले.

---

रेखांकन · ७ जुलै, दुपारी १:३०

नगररचनेत काम करतो, ठाण्याच्या कुठल्याही कामाशी संबंध नाही. जिन्याचं ढोबळ गणित मांडतो, म्हणजे चर्चा पायावर येईल.

एक मीटर रुंद जिन्यावरून, माणसं खेटून चालत असली तरी, मिनिटाला साधारण ५० ते ६० माणसं जातात. सगळी एकाच दिशेने जात असतील तर. समजा एका फास्ट लोकलमधून १,२०० माणसं उतरली आणि फलाटावर तीन-तीन मीटरचे दोन जिने आहेत. सहा मीटर गुणिले ५५, म्हणजे मिनिटाला ३३०. फलाट रिकामा व्हायला साडेतीन मिनिटांच्या वर. तेवढ्यात पुढची गाडी येऊन उभी राहते. त्यात वर चढणाऱ्यांसोबत काही जण खाली उतरत असतात, कोणाकडे सुटकेस असते. गणित तिथेच फिसकटतं.

आता बाहेर काय होतं ते बघा. ती १,२०० माणसं बसने जायची तर २० बस लागतात. शेअर रिक्षाने जायची तर ४०० रिक्षा. एका तोंडाशी रिक्षा लागून, तीन माणसं बसून, निघायला २० सेकंद धरले तर मिनिटाला नऊ माणसं. चार तोंडं एकदम चालली तरी ३६. फलाटावरून मिनिटाला ३३० येतायत आणि रिक्षा ३६ उचलतायत. उरलेली माणसं कुठे उभी राहणार? जिन्याच्या तोंडाशी, दुसरीकडे जागा कुठे आहे!

म्हणून सॅटिसचा मूळ विचार मला बरोबर वाटतो. जास्त माणसं नेणारं वाहन पुलाच्या सर्वांत जवळ, कमी माणसं नेणारं लांब. पूर्वेच्या डेकवरही हाच क्रम पाळला जावा. पण डेकवर वेळेत बसच नसेल तर ही सगळी रचना उलटी होते. माणूस पाच मिनिटं वाट बघतो, मग कंटाळून खाली रिक्षाच्या रांगेत जातो, आणि तोच जिना दुसऱ्यांदा भरतो. डेक बांधणं निम्मं काम. बसची संख्या हे उरलेलं निम्मं.

ताईंच्या चार पावलांबद्दल: जिना संपल्यावर पुरेशी मोकळी जागा ठेवणं हे चांगल्या आराखड्यात गृहीतच असतं. ती नकाशात असते. नंतर तिथे तिकिटाचं मशीन येतं, मग जाहिरातीचा खांब, मग एक स्टॉल. मोकळी दिसते म्हणून ती भरली जाते.

---

तीनचाकी · ७ जुलै, रात्री ११:५०

मी रिक्षा चालवतो, एकोणीस वर्षं. धंदा आटपून आत्ताच घरी आलो. मुलाने धागा दाखवला, तोच टाईप करतोय, मी सांगतोय.

रिक्षावाल्यावर सगळे बोलतात, पण स्टेशनबाहेर आमच्यासाठी रांगेची रेलिंग सोडून काही नसतं. संध्याकाळी सातला लाइनीत नंबर लावला की पुढे सरकत सरकत अर्धा-अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात रिक्षा सोडून लघवीला जाता येत नाही. पाण्याचा नळ नाही. मग माणूस काय करतो? लाइन सोडून बाहेर, कोपऱ्यावर उभा राहतो. तिथे सीट, म्हणजे प्रवासी, पटकन भरतात. त्याला बघून दुसरा येतो. अशी रस्त्यावर दुसरी लाइन तयार होते आणि बस अडते. मी स्वतः हे केलंय, खोटं कशाला बोलू.

दुसरी गोष्ट, रिटर्न. संध्याकाळी स्टेशनवरून वर्तकनगरला तीन सीट मिळतात, येताना रिकामी. सकाळी उलटं. म्हणून सकाळी स्टेशनला येणारी रिक्षा सीट कुठेही उतरवते आणि पळते. उतरवायची जागा आणि भरायची जागा वेगळी करा. एकाच ठिकाणी दोन्ही असलं की उतरणाऱ्याने पैसे काढेपर्यंत मागे वीस रिक्षा उभ्या.

रेखांकन साहेबांनी वीस सेकंद धरले. सुट्ट्या पैशांचा घोळ असला तर मिनिट लागतो. मोबाईलवर पैसे यायला लागल्यापासून फरक पडलाय, पण डेकखाली रेंज नसली की मेसेज येत नाही आणि सीट उतरायची थांबते.

---

रेखांकन · ८ जुलै, सकाळी ८:१५

दादा, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवतोय. उतरवायची आणि भरायची जागा वेगळी हवी हे आम्ही कागदावर लिहितो, पण डेकखाली रेंज नसल्याने रांग अडते हे कुठल्याही अहवालात मी वाचलेलं नाही. आणि लाइनीत उभ्या चालकासाठी स्वच्छतागृह हा तर वाहतुकीचाच भाग झाला, सोय म्हणून बाजूला काढता येणार नाही.

---

वाशीकर · ८ जुलै, सकाळी ११:०५

नवी मुंबईतून थोडी वेगळी बाजू. आमच्याकडे सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, स्टेशनं आधी आखली, गाव नंतर वसलं. मानखुर्द ते वाशी लोकल १९९२ ला आली. खर्चाची वाटणी ठरलेली, सिडकोचे ६७ टक्के आणि रेल्वेचे ३३. शहर आखणारा आणि स्टेशन बांधणारा एकच असल्यामुळे स्टेशनसमोर बसची जागा, रिक्षाची जागा, पार्किंग, रुळांखालून भुयारी वाट हे सगळं पहिल्या दिवसापासून.

म्हणून आमच्याकडे सगळं उत्तम आहे का? नाही. अंगण इतकं मोठं की मे महिन्यात दुपारी दोन वाजता ते ओलांडणं जिवावर येतं. स्टेशनच्या दारापासून बसथांब्यापर्यंत सावली नाही. पार्किंगला सर्वांत जवळची जागा, चालणाऱ्याला सर्वांत लांबची. ठाण्यात जागेची चणचण आहे म्हणून बस पुलाला जोडावी लागली. आमच्याकडे जागा होती म्हणून सगळं पसरलं. मला विचाराल तर ठाण्याचं जोडणं जास्त चांगलं जमलंय.

पण एक मालक असणं हा खरा फायदा. लादी उखडली तर कोणाला सांगायचं हे तरी माहीत असतं.

---

कोपरीकर · ८ जुलै, दुपारी १२:१०

हेच. रेल्वेची लादी संपते, पुढे पेव्हर ब्लॉक सुरू होतात. दोन्हींच्या मध्ये चार बोटांचा उंचवटा. अशी रेघ मी किती तरी स्टेशनांवर पाहिली आहे. गणपतीला कोकणात जाणारी माणसं बघा, चाकांची बॅग ओढत येतात, त्या रेघेपाशी बॅग उचलून पलीकडे ठेवतात. लहान मूल कडेवर असेल तर आधी मूल खाली, मग बॅग पलीकडे, मग पुन्हा मूल. मागचा थांबलेला. हद्द कोणाचीही असो, दोन्ही बाजूंनी एक ट्रॉली सिमेंट आणून उतार केला तर एका रात्रीचं काम आहे.

---

पांढरी_काठी · ८ जुलै, रात्री ९:३०

मला दिसत नाही, मोबाईल वाचून दाखवतो त्यावर हा धागा ऐकला. कोपरीकर काकांच्या रेघेपाशी मी रोज पोचतो.

डोळस लोकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. जमिनीवरच्या पिवळ्या लाद्या दोन प्रकारच्या असतात. लांब पट्ट्यांची लादी म्हणजे या दिशेने चालत राहा. गोल ठिपक्यांची म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे: जिना, वळण, फलाटाची कडा. तळव्याला आणि काठीच्या टोकाला हे चांगलं कळतं. फलाटावर अपंगांच्या डब्यापाशी टीं-टीं असा आवाज येत राहतो, त्या आवाजाच्या दिशेने मी जातो. फलाटापर्यंतचा माझा प्रवास त्यामुळे बऱ्यापैकी माझ्या हातात आहे.

पुलावरून बाहेर पडलो की मात्र पट्ट्यांची लादी संपते. शेवटी ठिपके नसतात. म्हणजे "थांब" असं कोणी सांगत नाही, वाक्य अर्धवट सुटल्यासारखं होतं. एकदा एका ठिकाणी पट्ट्या मला सरळ विजेच्या खांबावर घेऊन गेल्या. लादी बसवणाऱ्याने लादी बसवली, खांब रोवणाऱ्याने खांब रोवला. दोघांनीही आपापलं काम पूर्ण केलं होतं.

तुम्ही पायरीपुढच्या चार पावलांचं म्हणताय. माझ्यासाठी तीच चार पावलं सर्वांत अवघड असतात, कारण तिथे माणसं थांबलेली असतात आणि थांबलेल्या माणसाचा आवाज येत नाही.

डेकसाठी माझी एकच मागणी. प्रत्येक मार्गाची बस रोज त्याच थांब्यावर, त्याच जागी, दरवाजा त्याच खुणेपाशी आणून लावा. जागा पक्की असली की मला कोणाला "कुठली बस हो?" विचारावं लागत नाही. आणि हे सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

---

तलावपाळी · ८ जुलै, रात्री १०:१५

"थांबलेल्या माणसाचा आवाज येत नाही." दादा, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. धन्यवाद.

---

सुबोध_घोडबंदर · ९ जुलै, सकाळी ८:४०

माझं मत परखड आहे. जागा नाही, जागा नाही म्हणतोय, पण आहे ती जागा फेरीवाल्यांनी भरली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली स्टेशनच्या १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत हे स्पष्ट सांगितलं. ते अमलात आणा, तुमची चार पावलंच काय, चाळीस मिळतील. नव्या डेकवर, मेट्रोच्या स्टेशनात हवी तेवढी दुकानं काढा, भाडं मिळेल, स्वच्छता राहील.

---

स्वाती_बदलापूर · ९ जुलै, रात्री ११:२०

सुबोधजी, तुमचा त्रास समजतो. संध्याकाळी सातला मलाही वाटतं की हे टोपल्या घेऊन इथेच का बसलेत. पण रात्रीचंही ऐका.

आठवड्यातून दोनदा माझी शिफ्ट संपते दहाला. त्या दिवशी ठाण्यात उतरून बहिणीकडे जाते. सव्वाअकराला पुलावरून उतरताना मी कशाकडे बघते सांगू? उजेड आणि माणूस. खाली एक बाई गजरे विकत बसलेली असते. ती असली की मी निर्धास्त उतरते. ज्या दिवशी अतिक्रमणवाल्यांची गाडी येऊन सगळ्यांना उठवलेलं असतं, त्या दिवशी तोच जिना मला लांब वाटतो. रात्री काचेची दुकानं नऊला शटर ओढतात आणि पुढचा सगळा पट्टा काळोखा होतो. सीसीटीव्ही आहे म्हणतात, पण कॅमेरा हाक ऐकत नाही.

भाजीचंही तेच. आम्ही लेडीज डब्यात गवार मोडत जातो ती हौस म्हणून नाही. घरी पोचायला साडेनऊ, स्वयंपाक त्यानंतर. ती गवार स्टेशनच्या दारात मिळते म्हणून जमतं. अर्धा किलोमीटर आत बाजारात जायला लागलं तर माझी गाडी सुटते.

म्हणून म्हणते, उठवण्याआधी आखा. जिन्याच्या तोंडापासून अमुक पावलं कोणीही बसणार नाही, स्टॉल नाही, मशीन नाही, रिक्षासुद्धा नाही. त्यापलीकडे, चालायच्या वाटेच्या कडेला, ओटे बांधून द्या. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात जागा नेमून द्यायची तरतूद आहे. नव्या डेकच्या नकाशात त्या ओट्यांची जागा आत्ता नाही काढली, तर डेक सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या पहिल्या पायरीवर येतील. गिऱ्हाईक जिथून जातं तिथेच विक्रेता बसणार.

---

सुबोध_घोडबंदर · १० जुलै, सकाळी ७:५०

रात्रीचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता, मान्य करतो. १५० मीटरचा नियम आहे हे तरीही माझं म्हणणं राहील, आणि ओटे त्या हद्दीच्या आत बांधणं कायद्यात कसं बसवायचं ते जाणकारांनी सांगावं. पण पायरीपाशी कोणीच नको, मशीन आणि स्टॉलसुद्धा नको, यावर माझं आणि तुमचं एकमत आहे.

---

उत्रेख्तहून · १० जुलै, दुपारी ३:१०

मूळची नौपाड्याची, आता नेदरलँड्समध्ये. उत्रेख्तच्या मुख्य स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींचं पार्किंग आहे, २०१९ ला पूर्ण झालं. सायकलवरून न उतरता आत जायचं, रंगीत दिवे सांगतात कुठली रांग रिकामी आहे, सायकल लावली की जिना थेट फलाटांकडे. पहिले चोवीस तास फुकट.

ठाण्यात हे उचलून आणा असं म्हणत नाही. आपला पाऊस, आपले चढ, आपले रस्ते वेगळे. मला त्यातला क्रम आवडतो. चालणाऱ्याची वाट सर्वांत जवळ, मग सायकल, मग बस-ट्राम, आणि मोटार सर्वांत शेवटी. इथेही काही दशकांपूर्वी मोटारींनाच मान होता, भांडून बदललंय.

दुसरं, तिकीट. ट्रेन, ट्राम, बस सगळीकडे बँकेचं कार्ड टेकवते. कुठली कंपनी कोणाची, हे मला माहीत असण्याची गरजच पडत नाही.

---

वाशीकर · १० जुलै, संध्याकाळी ५:४५

तिकिटाची सुरुवात आपल्याकडेही झाली आहे. ऑक्टोबर २०२५ ला मुंबई वन ॲप आलं, त्यात लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट, टीएमटी, आमची एनएमएमटी अशा ११ सेवा आहेत. पण लोकलचा प्रवासी पासवर चालतो. खरी मजल तेव्हा मारली म्हणायची, जेव्हा त्या एका पासवर मी स्टेशनबाहेरची बससुद्धा पकडेन.

पाट्यांचं एक चांगलं उदाहरण दादरचं. पूर्वी पश्चिम आणि मध्य, दोन्हींकडे एक नंबर, दोन नंबर असे फलाट होते. "दादरला तीन नंबरवर भेट" म्हटलं की दोघं दोन तीन-नंबरांवर उभे. डिसेंबर २०२३ मध्ये १ ते १४ असे सलग आकडे दिले. खर्च पाट्यांचा आणि उद्घोषणेचा, फायदा रोजचा. ठाण्यात मेट्रो येईल तेव्हा दारांना असेच सलग आकडे द्यावेत. "पाच नंबर दारातून बाहेर ये" म्हणजे ते दार जगात एकच असावं.

---

रेखांकन · ११ जुलै, सकाळी १०:००

आता मेट्रोचं, कारण वेळ आत्ताच आहे.

ठाणे जंक्शन जमिनीखाली असणार. रेल्वेचे फलाट जमिनीवर, पादचारी पूल त्यावर, डेक पुलाच्या उंचीला. मेट्रोतून आलेला माणूस खोलातून रस्त्यावर येणार, परत पुलावर चढणार आणि परत फलाटावर उतरणार. ही चढ-उतार टाळायची असेल तर मेट्रोच्या तिकीटमजल्यावरून रुळांखालून आडवी वाट हवी, जिथून जिने आणि लिफ्ट थेट फलाटांवर निघतील. तीच वाट पूर्वेला बाहेर काढली तर कोपरीकर काकांची पूर्व-पश्चिम जाणारी गर्दी पुलावरून उतरते. चालत्या रुळांखाली खोदकाम महाग आणि जिकिरीचं असतं हे मान्य आहे. पण स्टेशन बांधून झाल्यावर ते आणखी महाग पडेल.

घाटकोपर आठवा. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. प्रवाशांची मोठी सोय झाली, पण मेट्रोची सगळी माणसं रेल्वेच्या आधीच्याच पुलांवर येऊन मिळाली. पुढे तिथे नवे पूल आणि डेक हाती घ्यावे लागले. नवी वाट आणायची आणि ती जुन्या जिन्यावर सोडून द्यायची, ही चूक ठाण्याला परवडणार नाही.

कामं होतात यावर माझा विश्वास आहे. २०२४ च्या मे-जूनमध्ये ६३ तासांचा ब्लॉक घेऊन ठाण्याचा पाच-सहा नंबरचा फलाट दोन-तीन मीटरने रुंद केला, तयार काँक्रीटचे ठोकळे आणून बसवले. दोन मीटर म्हणजे काय, हे त्या फलाटावर रोज उभं राहणाऱ्याला विचारा.

अजून एक, नावांचं. वडाळ्याहून येणारी मेट्रो ४ स्टेशनपाशी येत नाही, ती तीन हात नाक्यावरून जाते. बुलेट ट्रेनचं ठाणे म्हणजे म्हातार्डी, दिव्याजवळ. बाहेरगावच्या माणसाला ही तिन्ही "ठाणे" एकच वाटणार. त्यांच्यामधली बस कुठल्या दारातून मिळेल हे आत्तापासून ठरवायला हवं.

---

तीनचाकी · ११ जुलै, रात्री ११:४०

म्हातार्डीला जायला ठाणे स्टेशनवरून रिक्षा भाडं मारणार नाही, आधीच सांगतो. लांब आहे आणि रिटर्न नाही. बसच ठेवा.

---

तलावपाळी · १२ जुलै, सकाळी ८:३०

सगळ्यांचं वाचून मी काल संध्याकाळी पश्चिमेच्या पुलावर अर्धा तास कठड्याला टेकून उभी राहिले. पाऊस होता. छत्री उघडायला लोक कुठे थांबतात एवढंच बघत होते. डेककडे जाणारी माणसं थांबतच नव्हती, चालतच बसपर्यंत जात होती. कारण त्यांच्या डोक्यावर छप्पर तुटत नव्हतं. रस्त्यावर उतरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. एक मुलगा शेवटच्या तीन पायऱ्या आधीच, वर असतानाच छत्री उघडत होता आणि काडी शेजारच्या बाईच्या डोळ्याजवळून गेली. तिने मान वाकडी करून वाट दिली, जणू हे रोजचंच आहे.

मला वाटतं आपण प्रत्येक दाराची एक नोंद करावी. छप्पर कुठे संपतं, शेवटच्या पायरीपुढे किती पावलं मोकळी आहेत, त्यात काय उभं आहे, पिवळी लादी कुठे तुटते, लाद्यांमधला उंचवटा किती बोटं आहे, रात्री अकराला दिवा कुठे लागतो. नुसतं मोजायचं, फोटोत कोणाचा चेहरा नको. मग ती यादी कामं करणाऱ्या सगळ्या कार्यालयांना एकच, सारखीच पाठवायची, म्हणजे मधल्या रेषेवरची जागा दोघांच्याही कागदावर येईल.

रविवारी सकाळी सातला पश्चिमेकडून सुरुवात करते. कोण येतंय?

---

कोपरीकर · १२ जुलै, सकाळी ८:५५

मी येतो. पूर्वेची सगळी दारं मी दाखवतो. मोजपट्टी आहे माझ्याकडे, लोखंडी, पाच मीटरची.

---

पांढरी_काठी · १२ जुलै, सकाळी ९:४०

पिवळ्या लाद्या माझ्याकडे द्या. मला फलाट एकच्या मधल्या जिन्यापाशी भेटा, तिथपर्यंत मी एकटा येतो.

---

स्वाती_बदलापूर · १२ जुलै, दुपारी १:१५

रविवारी मला सुट्टी नाही. दिव्यांची नोंद मी करते, गुरुवारी रात्री सव्वाअकराला. गजरेवालीलाही विचारते, कुठला दिवा किती दिवस बंद आहे ते तिला माझ्याहून जास्त माहीत असेल.

---

तीनचाकी · १२ जुलै, रात्री ११:५५

रविवारी सकाळी धंदा कमी असतो. रिक्षा घेऊन येतो, पश्चिमेकडून पूर्वेला काकांकडे सोडतो सगळ्यांना. डेकखाली रेंज कुठे कुठे जाते ते मी सांगेन, पोरगा लिहून घेईल.